आबांचा घास आणि गोगलगाई

घराण्याचा अभिमान सांगायची वेळ आली की लोक वाडे काढतात, तलवारी काढतात, नाहीतर कुणा पणजोबांना मिळालेली इनामं काढतात. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती पाण्याने भरलेल्या काचेच्या पेटीतली आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझी सून म्हणते, "आई, तुम्ही फार गर्विष्ठ आहात." बरोबर म्हणते. ज्या घरात मी वाढले त्या घराचा मला गर्व आहे आणि या वयात तो लपवायची मला गरज वाटत नाही.

लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. घाट चढून आलेल्या गाडीचं मागचं इंजिन सुटायचं, त्या धक्क्याने मांडणीवरची भांडी एकमेकांना हळूच लागायची, आणि ब्रेकची हवा सुटली की आई हातातली पोळी तव्यावर तशीच धरून एक क्षण थांबायची. हे सगळं आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं की मामाच्या गावाला गेले की मला तिथल्या शांततेमुळे झोप यायची नाही. घरात आणखी एक आवाज होता. बाहेरच्या खोलीत, खिडकीला पाठ करून, लोखंडी स्टँडवर अण्णांची फिशटँक होती, आणि तिच्यात हवा सोडणारा छोटा पंप भुंग्यासारखा घरघरत असायचा. वीज गेली की तो थांबायचा, आणि मग अण्णा जेवत असले तरी उठून पाणी हाताने ढवळायचे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत फिटर होते. माणूस अतिशय अबोल. ड्यूटीवरून आले की ग्रीस लागलेले हात रॉकेलने पुसायचे, मग साबणाने धुवायचे, मग चहाचा कप घेऊन टाकीसमोरच्या स्टुलावर बसायचे. ही टाकी त्यांनी विकत घेतली नव्हती. खंडाळ्याच्या एका बंगल्यात ती काच तडकून अडगळीत पडली होती, तिथल्या मॅनेजरने "न्यायची तर न्या" म्हटलं, आणि अण्णांनी मित्राच्या हातगाडीवरून ती घरी आणली. नवी काच बसवली, कडांना लांबी भरली, गळायला लागली की पुन्हा खरवडून पुन्हा भरली. आईचा सगळा ओटा त्या दिवसांत ओला असायचा. अखेर एकदाची ती गळायची थांबली आणि अण्णा मुंबईहून पॉलिथिनच्या पिशवीत मासे घेऊन आले. थोडे गप्पी, काळ्या मोली आणि एंजलची एक जोडी. ते चपटे, रुपेरी, काळ्या पट्ट्यांचे एंजल म्हणजे अण्णांचा जीव की प्राण. एवढा मुखदुर्बळ माणूस, पण त्या दोन माशांशी बोलताना मी त्यांना माझ्या कानांनी ऐकलंय. "काय, भूक लागली?" असं ते त्यांना विचारायचे. आम्हाला कधी विचारलेलं आठवत नाही.

आजी गेल्यावर आबा, म्हणजे अण्णांचे वडील, आमच्याकडे राहायला आले. त्यांचं गाव आंदर मावळात. कान्हे स्टेशनला उतरायचं, पुढे एसटी आणि एसटीच्या पुढे बरीच पायपीट. शेती, बैल, आंबेमोहर तांदळाची खाचरं हे सगळं चुलत्यांच्या हवाली करून आबा आले, पण येताना गाव सोबत घेऊनच आले. गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर घोंगडी, आणि आवाज असा की चाळीच्या टोकाला ऐकू जावा. माळ घातल्यापासून त्यांनी मासमच्छी सोडली होती आणि मुंगीसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून ते खाली बघून चालायचे. आबा खोलीत आले की अण्णा उठून उभे राहायचे. त्यांच्यासमोर खुर्चीत बसायचे नाहीत, त्यांच्या म्हणण्यावर उलट शब्द बोलायचे नाहीत. धाक म्हणावा तर आबांनी कधी कुणावर हात उगारला नव्हता. ती रीतच होती. आबा सांगायचे, अण्णा ऐकायचे, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आबांचा एक नेम होता. जेवायला बसलं की पहिला घास मुक्या जिवाचा. गावाकडे तो घास बैलाच्या गव्हाणीत जायचा. आमच्याकडे पहिल्याच दिवशी ते ताटावर बसले, भाकरीचा तुकडा भातात कालवून हातात घेतला आणि इकडेतिकडे बघायला लागले. चाळीत बैल कुठला? कुत्रं होतं ते शेजारच्यांचं. आई ओशाळून म्हणाली, "मामंजी, इथं तसं काही नाही." आबांची नजर फिरत फिरत टाकीवर गेली आणि चेहरा खुलला. "हाय की हितं! ह्यास्नी तर आरडाया बी येत न्हाई. ह्याच्यापरीस मुकं आनखी काय असायचं?" ते उठले, टाकीचं झाकण उचललं आणि घास पाण्यात सोडला. मोली धावून आल्या, टोचा मारायला लागल्या, तशी आबा लहान पोरासारखे हसले. दुसऱ्या दिवसापासून तो घरादाराचा नेम झाला. आई, अण्णा, मी, सगळ्यांनी पहिला घास टाकीत सोडायचा आणि मग स्वतः खायचं. मला तर त्याची गंमतच वाटायची. माझ्या मैत्रिणी देवाला नैवेद्य दाखवायच्या, आम्ही माशांना जेवू घालायचो.

गोगलगाईही आबांनीच आणल्या. म्हणजे आणल्या असं नाही, आल्या. गावाहून एकदा येताना त्यांनी तळ्यातलं शेवाळ आणि पाणवनस्पती ओल्या धोतरात गुंडाळून आणल्या. "माशास्नी सावली नगं का? नुसत्या काचंत उघडीनागडी फिरत्यात बिचारी," म्हणाले. टाकी खरंच सुंदर दिसायला लागली. हिरव्या पानांमधून एंजल फिरायचे तेव्हा अण्णांचा चहा गार होऊन जायचा. मग एका सकाळी आईने मला हाक मारली. काचेवर जोंधळ्याएवढा एक शंख चालत होता, पुढे दोन बारीक शिंगं. आई हरखून म्हणाली, "बघ गं, घरात शंख आला!" तिने त्याला चक्क हात जोडले. पुढे पानांखाली पारदर्शक चिकट ठिपके दिसायला लागले तेव्हा ती गोगलगाईची अंडी आहेत हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. पावसाळा तोंडावर आला तेव्हा काच दिसेनाशी झाली होती. काचेवर गोगलगाई, पानांवर गोगलगाई, पंपाच्या नळीवर गोगलगाई, वाळू हलवली की वाळूखाली गोगलगाई. मासे त्यांच्यातून वाट काढत फिरत होते.

अण्णांनी काय करायचं बाकी ठेवलं? हाताने वेचल्या. बादल्या भरून पाणी उपसलं, वाळू काढून उन्हात वाळत घातली, पानं एकेक करून धुतली. काढलेल्या गोगलगाई गटारात गेल्या की आबा कुरकुरायचे, "त्यास्नी का जीव न्हाई व्हय? घानीत टाकता ते." आठवडा बरा जायचा, की पुन्हा पहिले पाढे. अण्णांच्या बरोबर काम करणारे पवारकाका एकदा चहाला आले होते. ते म्हणाले, "फिटर, कसला विचार करतोस? चिमूटभर मोरचूद टाक. एक शिल्लक राहणार नाही." अण्णा म्हणाले, "मासे तरी राहतील का?" आणि आतल्या खोलीतून आबांचा आवाज आला, "माझी माळ हाय गळ्यात. ह्या घरात इख कालवायचं न्हाई." विषय तिथेच संपला. पवारकाकांनी बशीत ओतलेला चहा घाईघाईने संपवला.

आजकाल माझा नातू फोनवर बोट फिरवतो आणि गोगलगाई मारायच्या औषधाची बाटली दुसऱ्या दिवशी दारात येते. परवा त्याने मला असल्या एका बाटलीचा फोटो दाखवला. मी त्याला म्हटलं, "ठेव तुझ्याकडे." माझ्या फ्लॅटमध्येही टाकी आहे, तिच्यातही गोगलगाई येतात, आणि त्यांचं काय करायचं ते मला बाटलीवर वाचावं लागत नाही. पण ते पुढे.

श्रावणात पाणी नासलं. दुधाळ झालं आणि त्याला वास यायला लागला, कितीही बदललं तरी दोन दिवसांत पुन्हा तसंच. एका दुपारी शाळेतून आले तर एंजलच्या जोडीतला एक आडवा होऊन पाण्यावर तरंगत होता. अण्णांनी त्याला तळहातावर घेतलं, मागच्या जास्वंदीखाली खड्डा केला आणि पुरलं. रात्री जेवताना ते म्हणाले, "खंडाळ्याच्या बंगल्यातल्या मॅनेजरशी बोललो. येत्या रविवारी त्यांचा माणूस येऊन टाकी घेऊन जाईल. मासे ते कारंज्याच्या हौदात सोडणार आहेत." बस, एवढंच. आबांनी मान हलवली. म्हणाले, "जीव जगल्याशी कारन." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखा घास टाकीत सोडला. स्वयंपाकघरात आई भांडी घासता घासता थांबली आणि मला म्हणाली, "तेवढंच होतं गं त्यांचं. बाकी सगळं आपलं, नाहीतर रेल्वेचं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी आठवीत होते, आणि शाळेत माझी ओळख हट्टी मुलगी अशीच होती. मी दप्तर टाकलं आणि टाकीसमोरच्या स्टुलावर बसून बघत राहिले. आई आणि आबांचं दुपारचं जेवण नुकतंच झालेलं. दोघांचे घास पाण्यात गेलेले. मोलींनी वरवर टोचे मारले आणि सोडून दिले, एंजलने तर ढुंकूनही पाहिलं नाही. भात फुगला आणि डाव्या कोपऱ्यात वाळूवर जाऊन बसला. आणि मग काचेवरच्या, पानांवरच्या, वाळूतल्या सगळ्या गोगलगाई सावकाश त्या कोपऱ्याकडे निघाल्या. जणू पंगतीचं बोलावणं गेलं होतं. तेव्हा मला एकदम आठवलं, भाताच्या लावणीला आबा गावी गेले होते तेव्हा काच स्वच्छ होती. आबा नाहीत म्हणून नेमाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आई आणि मी विसरायचो, अण्णा तर मुळात आबांसाठीच करायचे. आबा परतले आणि आठवड्याभरात पाण्याला पुन्हा वास आला. गोगलगाई गावच्या शेवाळातून आल्या होत्या हे खरं, पण त्यांना पोसलं होतं आम्ही, रोज दोन वेळा, हात जोडून.

मी धावत आईकडे गेले आणि सांगितलं. तिने पिठाचा हात माझ्या तोंडावर ठेवला. "गप. मामंजींना कोण सांगणार?" म्हणाली. अण्णा ड्यूटीवरून येईपर्यंत मी दारात उभी राहिले. त्यांना बाहेरच गाठलं, सायकल लावायच्या आधी, आणि सगळं घडाघडा सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "माहीत आहे मला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "माहीत आहे? मग?"

"मग काय, निमे. म्हाताऱ्या माणसाचा नेम आहे. आजी गेल्यापासून तेवढ्या एका घासावर त्यांचं मन रमतं. जाऊ दे टाकी."

एवढं बोलून ते आत गेले. मी सायकलच्या सीटवर मूठ आपटली. मला रडू यायला हवं होतं, पण संतापच आला. टाकीवर नाही, आबांवरही नाही. या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक आहे आणि कुणीच तोंड उघडत नाही, याचा तो संताप होता. तो अजूनही माझ्यात आहे. तोच मला पुढे आयुष्यभर नोकरीत कामाला आला आणि त्यानेच मला बऱ्याच साहेबांना नकोसंही केलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दुपारी सगळे एकत्र जेवायला बसले. तांदळाची भाकरी, कुरडूची भाजी, घट्ट वरण. आबांनी घास कालवला, उठले, झाकणाला हात घातला. मी म्हटलं, "आबा, तो घास टाकू नका."

आईच्या हातातली पळी वरणात तशीच राहिली. अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, "निमे!"

आबा वळले. "का गं? काय झालं?"

"त्याने मासे मरतात."

"गप बस, निमे," अण्णा पुन्हा म्हणाले.

"थांब दत्तू. बोलू दे तिला," आबा अण्णांना म्हणाले. आणि मी बोलले. भात कुजतो, पाणी नासतं, मासे तो खात नाहीत, गोगलगाई खातात आणि वाढतात, तुम्ही लावणीला गेला होता तेव्हा सगळं नीट होतं, आणि आता उद्या टाकी जाणार. अण्णांना हे ठाऊक होतं हे मात्र मी सांगितलं नाही. आबांनी हातातला घास ताटाच्या कडेला ठेवला, हात धुतला आणि न जेवता बाहेर पायरीवर जाऊन बसले. आई मला म्हणाली, "भरल्या ताटावरून उठवलंस म्हाताऱ्या माणसाला." मला वाईट वाटलं. पण चुकलं असं वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. त्या दुपारी आमच्या घरात कुणीच जेवलं नाही. अण्णा दुसऱ्या पाळीला निघून गेले.

उन्हं कलली तेव्हा पायरीवरून हाक आली, "निमे, दाव मला." आबा आत आले. मी तोच ताटातला घास त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सोडला आणि गुडघ्यावर हात टेकून वाकून, काचेला नाक लावून बघत राहिले. मोलींनी टोचे मारले, सोडून दिले. भात बुडाला. पहिली गोगलगाय आली, मग दुसरी, मग सगळा गोतावळा. आबा म्हणाले, "म्हंजी ती चपटी मासळी माझ्याच घासानं मेली व्हय?"

मी म्हटलं, "आपल्या सगळ्यांच्या, आबा."

"माळ घालून इतकी वर्सं झाली. मुंगी सुदीक चुकवतो म्या." त्यांनी डोळे पुसले, उघडउघड, लपवायचा काही प्रयत्न न करता. ज्या माणसाच्या आवाजाने चाळ हलायची त्याला मी पहिल्यांदा रडताना पाहत होते, आणि मला त्यांच्याबद्दल जेवढी माया त्या क्षणी वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती. मग त्यांनी नाक शिंकरलं आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाले, "पर मारायच्या न्हाईत, सांगून ठेवतो. त्यास्नी म्याच आनलं, म्याच घालवनार. जा, जुना खराटा घिऊन ये."

माळ घालण्याच्या आधी आबा खेकडे धरण्यात पटाईत होते. भाताच्या बांधाला खेकडे भोकं पाडतात आणि खाचरातलं पाणी रातोरात निघून जातं, म्हणून मावळात प्रत्येक शेतकऱ्याला खेकड्याशी दोन हात करावे लागतात. बांबूच्या कामट्यांची टोपली विणायची, तोंडाशी काड्या आतल्या बाजूला वळवायच्या, आत काहीतरी खायला ठेवायचं आणि टोपली पाण्यात सोडायची. खेकडा आत शिरतो, बाहेर येताना काड्या आडव्या येतात. आबांनी खराट्याच्या काड्यांची माझ्या मुठीएवढी टोपली विणली. म्हातारी बोटं, पण एक काडी मोडली नाही. आत काकडीची चकती ठेवली, दोरा बांधला आणि डाव्या कोपऱ्यात सोडली. त्या संध्याकाळी कुणीही टाकीत काही टाकलं नाही. सकाळी आबांनी मला हलवून उठवलं. टोपली वर काढली तर चकती दिसतच नव्हती, तिच्यावर नुसते शंखच शंख. आबांनी ती माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "बग, तुजं खरं झालं." माझी छाती एवढी फुगली की फ्रॉकची बटणं तुटायची बाकी होती.

अण्णा रात्रपाळीच्या माणसाच्या जागी सलग थांबले होते, ते यायच्या आधीच बंगल्याचा माणूस हातगाडी घेऊन दारात उभा राहिला. आबा पुढे झाले. "पेटी न्हाई मिळायची."

"पण आबा, मॅनेजरसाहेबांनी सांगितलंय. फिटरसाहेब स्वतः बोलले त्यांच्याशी."

"फिटरचा बाप म्या हाय. साहेबास्नी राम राम सांग. च्या घिऊन जा."

त्याला चहा देऊन वाटेला लावला. अण्णा आले, दारातच थबकले. टाकीची जागा मोकळी दिसणार असं त्यांना वाटत होतं आणि समोर टाकी होती, पंप घरघरत होता, कोपऱ्यात दोऱ्याला टोपली लटकत होती. अण्णांनी हात रॉकेलने पुसले, साबणाने धुतले आणि स्टुलावर जाऊन बसले. आईने चहा दिला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

टोपली रोज संध्याकाळी आत जायची, सकाळी भरून बाहेर यायची. गोगलगाई डालड्याच्या डब्यात पाणी घालून साठवल्या. आबांनी पहिला घास आता बाहेर भिंतीवर कावळ्यांसाठी ठेवायला सुरुवात केली होती. डबा भरला तसा एका सुट्टीच्या दिवशी आबा आणि मी निघालो. कान्ह्यापर्यंत गाडी, पुढे एसटी. एसटीत आबांनी डबा मांडीवर घेतला होता आणि झाकणाला भोकं पाडली होती. कंडक्टरने विचारलं, "आबा, डब्यात काय घेतलंय? तूप?"

"पाव्हनं हायेत."

"पाहुणे? डब्यात?"

"लय दिस ऱ्हायलं आमच्याकडं. आता घरी पोचवाय चाललोय." आख्खी एसटी हसली. आबा हसले नाहीत, ते खरंच बोलत होते. गावच्या तळ्यावर त्यांनी धोतर वर खोचलं, गुडघाभर पाण्यात गेले आणि डबा सावकाश आडवा केला. काठावर बायका धुणं धूत होत्या. एकीने विचारलं, "आबा, काय सोडताय?" तेव्हा आबांनी पाठ ताठ केली आणि तळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझ्या नातीनं हुडकलं! आमाला कुनाला दिसलं न्हाई, हिला दिसलं!" नेमकं काय हुडकलं हे त्या बायकांना काहीच कळलं नसेल. पुढे मला नोकरीत दोन-चार मानपत्रं मिळाली, ती कुठे आहेत कोण जाणे. तळ्यावरची ती आरोळी मात्र मला अजून जशीच्या तशी ऐकू येते.

माझ्या टाकीत आता मी काकडीची चकतीच टाकते. टोपली मला विणता येत नाही, मी वाटी आडवी ठेवते. चालते. मुद्दा टोपलीचा नाहीच. पोसायचं थांबवलं की त्या आपोआप आटोक्यात येतात, आणि ते थांबवायचं तर आधी कुणीतरी बोलावं लागतं. आणि आमच्या घरात ते बोलणं माझ्यावर संपलं नाही, याचाच मला खरा अभिमान आहे.

आम्ही गावाहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, दार लावून घेतलेलं. आईने पिठलं केलं होतं. आबांनी घास कालवला, दाराकडे बघितलं, पावसाचा आवाज ऐकला, आणि इतक्या दिवसांच्या सवयीने त्यांचे पाय टाकीकडे वळले. गप्पांच्या नादात होते, गावाकडचं काहीतरी सांगत होते. झाकण उचललं. आईने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी दुसराच आवाज आला.

"आबा, तिथं नको."

अण्णा होते. ताटावर बसलेले, मान वर, कान लालबुंद. चाळिशीच्या त्या माणसाने बापाला आयुष्यात पहिल्यांदा नको म्हटलं होतं. मला ओरडून सगळ्या चाळीला सांगावंसं वाटलं की बघा, माझे अण्णा बोलले. आबांचा हात पाण्यावर तसाच थांबला. त्यांनी वळून अण्णांकडे बघितलं, मी न सांगितलेलं त्यांना त्या चेहऱ्यावरच कळलं असावं, आणि मला वाटलं आता काय होतंय कोण जाणे.

"आदी बोलला असतास," आबा म्हणाले, "तर तुजी ती मासळी वाचली असती, लेका."

त्यांनी झाकण लावलं, घास आपल्या ताटाच्या कडेला ठेवला आणि अण्णांच्या शेजारी, अगदी मांडीला मांडी लावून बसले.

"व्हय, आबा," अण्णा म्हणाले. रेल्वेत लागल्यापासून त्यांनी गावची बोली सोडलीच होती, मी ती त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मग त्यांनी स्वतःच्या ताटातली भाकरी मोडली, अर्धी आबांच्या ताटात ठेवली आणि जेवायला सुरुवात केली.